खळ्यातली विलायती गाडी

भात पिवळं पडायला लागलं की माझ्या नाकात जळक्या वायरचा वास येतो. कुठे काही जळत नसतं. दिघाशीच्या शिवारात दव पडलेलं असतं, बांधावरचं गवत कंबरेला लागत असतं, आणि मी वडप्याच्या गोडाऊनला कामावर नेणाऱ्या गाडीची वाट बघत रस्त्याला उभी असते. समोरच्या खाचरात लोंब्या वाकलेल्या. शेजारी उभ्या असलेल्या बाया म्हणतात, यंदा पीक चांगलं हाय. मी हो म्हणते आणि ओढणी नाकाला लावते. वास जात नाही. खरा असता तर गेला असता.

काल सासऱ्यांनी विचारलं, भारे कुठे रचायचे. दर वर्षी विचारतात. खळं आहे, खळ्याशेजारी मोकळी जागा आहे, तिसरी जागा आमच्याकडे नाहीच, मग विचारायचं कशाला? पण मला कळतं ते कशासाठी विचारतात. त्यांना माझ्या नवऱ्याचं तोंड बघायचं असतं. हरेश काल नुसतं म्हणाला, रचा की कुठेपण, आणि चहा प्यायला. सासरे बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि मग विळ्याला धार लावायला बसले.

हरेश लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये वायरमन होता. भिवंडीत पोरगं हातात पक्कड धरायला लागलं की त्याला शेडमध्ये काम मिळतं, तसं त्याला मिळालं, आणि तो त्यात मुरला. मी टेमघरची, म्हणजे शहरातली. लूमचा आवाज ऐकतच मोठी झाले. त्यामुळे लग्न ठरलं तेव्हा वायरमन नवरा म्हणजे मला काही नवल नव्हतं. उलट बरं वाटलं, निदान माझ्या घरातला पंखा तरी बंद पडणार नाही.

ज्या वर्षाचं हे सांगतेय, त्या वर्षी पावसाचं पाणी शेडच्या पत्र्यातून आत आलं. लूम सरकवले, पुसले, पुन्हा जागेवर आणले. सरकवताना एका लूमची अर्थिंगची हिरवी वायर तुटली आणि जोडायची राहून गेली. कोणाकडून राहिली ते आजपर्यंत ठरलेलं नाही. मोटरीत पाणी शिरलं होतं. सकाळच्या शिफ्टला त्या लूमवरचे कारीगर रहमतभाई लोखंडाला हात टेकून उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, "हरेशभाई, चालू करो." हरेशने मेन स्विच टाकला.

रहमतभाई दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. ते उत्तरेकडचे, घरची माणसं सगळी गावाला. माझ्या हातचं सुक्या जवळ्याचं कालवण त्यांना आवडायचं, म्हणून हरेशच्या डब्यात मी ते नेहमी जरा जास्तच घालायचे. त्या दिवशीही घातलं होतं. डबा तसाच्या तसा परत आला आणि तो धुवायला माझा हात होईना. चौकशी झाली. हरेशवर ठपका आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं. माणसाला भांडायला समोर काहीतरी मिळतं. ह्याला काहीच मिळालं नाही. तो घरी येऊन ओटीवर बसला, तो बसूनच राहिला.

मग हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हरेश बटण दाबत नव्हता. कुठलंच. बोर्ड उघडायचा, वायर बदलायचा, पंख्याचं कॉइल भरायचा, सगळं निगुतीने करायचा. पण शेवटी चालू करायची वेळ आली की हात मागे. मी ड्युटीवरून यायचे तर घरात अंधार आणि हा ओटीवर. सासूबाई बिचाऱ्या गुपचूप दिवा लावायच्या. आणखी एक चमत्कारिक गोष्ट होती, ती कळायला मला जास्त वेळ लागला. मी मिक्सरचं बटण दाबायला गेले की हा जवळ येऊन मिक्सरवर तळहात टेकायचा. फ्रिज, इस्त्री, शेतावरचा पंप, काहीही असो, मी बटणाशी आणि हा मशीनला हात लावून उभा. आधी वाटलं, तपासत असेल. मग एके दिवशी त्याचा चेहरा बघितला आणि समजलं. काय व्हायचं असेल ते दुसऱ्या कोणाला न होता आपल्याला व्हावं, म्हणून तो हात होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, आमच्या घरात पाणीसुद्धा फुंकलं जात होतं.

शेडचा शेठ माणूस वाईट नव्हता. त्याने निरोप धाडला, "कापणी होऊ दे. मग कामावर येणार की नाही ते सांग." म्हणजे भात घरात येईपर्यंत मुदत. त्यानंतर त्याला दुसरा वायरमन बघावा लागणार होता, आणि त्याचंही बरोबरच होतं. घर माझ्या पगारावर चाललं असतं, तो प्रश्न नव्हता. प्रश्न हा होता की ज्या माणसाला स्वतःच्या घरातला दिवा लावता येत नाही, तो माणूस उरलेलं आयुष्य काय करणार. मी त्याच्याशी गोडीने बोलले, भांडले, एकदा अबोलाही धरून बघितला. अबोल्याचा तर काहीच उपयोग झाला नाही, कारण तो आधीच बोलत नव्हता.

अशात किशोर ती गाडी घेऊन आला. किशोर हरेशचा चुलत भाऊ. त्यांची जमीन हायवेला लागून, तिच्यावर आता गोडाऊनं उभी आहेत, त्यामुळे किशोरला शेती उरली नाही आणि हौस मात्र भरपूर. हौसेला मोल नाही, हे आपण ऐकलेलं असतं, किशोरकडे बघितलं की पटतं. टेम्पोवर चढवून त्याने आणली ती दोन माणसांची, उघड्या टपाची, विलायतेत बनलेली जुनी शर्यतीची गाडी. पुढचं तोंड लांबलचक, मागचा भाग आखूड, रंग दुधावरच्या सायीसारखा. आमच्या आळीतली सगळी माणसं खळ्यात जमली. कोणी म्हणालं, हिच्यात बायको बसवली तर पोरं कुठे बसवायची. कोणी म्हणालं, पावसात काय छत्री धरून चालवायची काय.

किशोरला ती जशीच्या तशी ठेवायची नव्हती. बाहेरून जुनी राहू द्यायची आणि आतून नवी करायची. नवे प्रखर दिवे, बटण दाबून चालू होणारं इंजिन, इंजिनापुढे विजेचा पंखा, गाणी, मोबाइल चार्ज करायची सोय. त्यासाठी तिची सगळी जुनी वायरिंग उपसून नवी घालायची होती. मुंबईच्या गॅरेजवाल्यांनी त्याला पुढच्या वर्षीची वेळ दिली होती. सासरे म्हणाले, "म्हातारीला शाळेत घालतोस की काय रं?" सगळे हसले. हरेश हसला नाही, पण उठून गाडीपाशी गेला. किती दिवसांनी तो आपणहून कशाजवळ तरी गेला होता. त्याने वाकून मीटरच्या पाटीखाली, म्हणजे डॅशबोर्डच्या खाली बघितलं. किशोर त्याच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाला, "शॉक न्हाय बसत रे हिच्यात. बाराच व्होल्ट हाय."

ते वाक्य मी ऐकलं आणि मनातल्या मनात किशोरचे सगळे अपराध माफ केले.

मग तो हंगाम सुरू झाला. सकाळी धुकं खळ्यावर उतरायचं आणि त्यातून गाडीचं तोंड तेवढं दिसायचं. दुपारी ऊन असं पडायचं की पत्र्याला हात लावता यायचा नाही. हरेश गाडीच्या खाली गोणपाट टाकून उताणा, त्याचे नुसते पाय बाहेर. जुन्या वायरी बाहेर यायला लागल्या, कापडाने मढवलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या, हात लावला की भुगा होणाऱ्या. सासूबाईंनी त्या ढिगाकडे बघून नाक मुरडलं, कोंबडीची आतडी तरी बरी दिसतात म्हणाल्या. चाकं उतरवून किशोर ब्रेकच्या कामासाठी घेऊन गेला होता, त्यामुळे गाडी विटांच्या चार ढिगांवर उभी. इकडे शेतात हळवं, लवकर पिकणारं भात कापणीला आलेलं. सासऱ्यांची रोज एक फेरी व्हायची, गाडीभोवती फिरायचे, विटा बघायचे, आभाळ बघायचे. खळं सारवायचं होतं आणि खळ्यात विलायत उभी होती.

हरेशचं काम बघायला मला आवडायचं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. सुट्टीच्या दिवशी भाजी निवडायला मुद्दाम ओटीवर बसायचे. वायरीचं टोक सोलताना तो जीभ दातात धरायचा. ओठातल्या ओठात काही पुटपुटायचा. पहिल्यांदा हॉर्न जोडला तेव्हा मला हाक मारली. मी ड्रायव्हरच्या जागी बसले, तो बाहेर उभा राहिला, मडगार्डवर तळहात टेकला आणि मान हलवली. मी दाबलं. हॉर्न असा किंचाळला की शेजारची म्हैस दावं तोडून गेली. हरेशच्या तोंडावर क्षणभर काहीतरी उमटलं. हसू म्हणता येणार नाही, पण हसू पूर्वी जिथे असायचं तिथेच ते उमटलं. मग दिवे झाले. संध्याकाळी मी खुंटी ओढली, दोन्ही दिवे लागले आणि समोरच्या चिंचेचं पान न् पान उजळलं. सगळ्या वेळी बटण माझं आणि पत्र्यावर हात त्याचा. मी स्वतःची समजूत घालायचे, होईल, इथपर्यंत आलाय, पुढेही येईल.

आता हिरव्या वायरीचं सांगते. लूम असो की घर, आपल्याकडे हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. तिच्यात एरवी वीज नसते. लोखंडात वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी, म्हणून ती लोखंडाला जोडायची. लाल, पिवळी, निळी मारते आणि हिरवी वाचवते, इतकं साधं. रहमतभाईंच्या लूमची तुटलेली होती ती हीच. त्या गाडीचा डॅशबोर्ड मोकळा केल्यावर हरेशला आत हिरव्या वायरींचा अख्खा जुडगा दिसला. कोणी वायपरकडे चाललीय, कोणी ब्रेकच्या दिव्याकडे, कोणी मीटरकडे. एकही पत्र्याला जोडलेली नव्हती. त्या दिवशी तो जो संतापला, तसा मी त्याला रहमतभाई गेले तेव्हाही बघितला नव्हता. ज्याने कोणी ही गाडी पूर्वी केली होती त्याची त्याने आई-बहीण काढली. म्हणाला, एवढ्या हिरव्या आणि सगळ्या लटकत ठेवल्या. माणसं मारायला बसलेत सगळे. आणि मग तो शांत झाला. नव्या हिरव्या वायरी आणल्या, जुनीच्या जागी नवी घातली, आणि प्रत्येकीला एक फाटा काढून तो गाडीच्या पत्र्याला आवळला, नटबोल्टने, वॉशर घालून. प्रत्येक नट आवळून झाला की वायरीला हिसडा देऊन बघायचा. इतक्या मायेने कोणी नट आवळताना मी बघितलेलं नाही. मधला काचेचा फ्यूज फुटला होता, तसला कुठे मिळेना, म्हणून त्याच्या जागी त्याने लूमच्या मोटरीला वापरतात ती जाड फ्यूजतार लावली. शेडमध्ये जे शिकला तेच केलं.

त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. कापलेलं भात शेतात पसरलेलं, आणि भिजलं तर वर्षाचं धान्य काळं पडणार. सासऱ्यांनी कोणाला विचारलं नाही. कापणीला आलेल्या वाडीवरच्या माणसांना सांगितलं, भारे खळ्यात आणा. गाडी हलवता येत नव्हती, तिला चाकंच नव्हती. मग गाडीच्या तिन्ही बाजूंनी भारे लागले. हरेश म्हणाला, बाबा, आज नको, वायरिंग उघडी हाय. सासरे म्हणाले, "तुझी गाडी थांबंल. आभाळ थांबंल काय?" दोघंही बरोबर होते. अशा वेळी घरातली बाई मधे उभी असते आणि दोन्हीकडचं ऐकते, तशी मी उभी होते. ताडपत्री टाकली. पाऊस आलाच नाही, ढग नुसते वरून गेले. पण भारे तिथेच राहिले, सुकत, एकेक काडी कडक होत.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरेशने हाक मारली, "सुजा, बस." चावी पहिल्या टप्प्यावर फिरवायची होती. वायपर, मीटर, ब्रेकचा दिवा, सगळं एकदम बघायचं होतं. मी भाऱ्यांमधून वाट काढून गेले आणि पाय उचलून आत बसले. त्याने बॉनेट उघडून बॅटरीची वायर नुसती अडकवली, पटकन काढता यावी म्हणून नट आवळला नाही. तेवढी खबरदारी तो नेहमी घ्यायचा. मग पत्र्यावर हात ठेवला आणि मान हलवली. मी चावी फिरवली.

काहीच झालं नाही. वायपर हलला नाही, मीटर हलला नाही. मग माझ्या गुडघ्यांपाशी एक बारीक चरचर ऐकू आली, कढईत मोहरी पडावी तशी. वास आला. पाठोपाठ धूर, पांढरा, जाड, डॅशबोर्डच्या सगळ्या भोकांतून. मी चावी मागे फिरवली. धूर थांबेना. वितळलेल्या वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या आणि आता चावीला कोणी विचारत नव्हतं. मला ते कळत नव्हतं, मी आपली चावी मागेपुढे फिरवतच राहिले, चूक माझ्याच हातात असल्यासारखी. हरेशने माझं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. मग दंडाला धरून त्याने मला दारावरून अशी ओढली की माझी मॅक्सी फाटली आणि मी भाऱ्यांवर जाऊन पडले. बॉनेटमधून ठिणग्या उडाल्या. माझ्या डोक्याशी असलेल्या भाऱ्याच्या टोकाला एक लाल ठिपका दिसला, तो सरकत होता. सासूबाई हंडा घेऊन धावल्या आणि हरेश ओरडला, "पाणी न्हाय, माती टाका." त्याने बॉनेटमध्ये हात घातला, बॅटरीची तापलेली वायर मुठीत धरली आणि ओढून काढली. सासऱ्यांनी पेटता भारा उचलून खळ्याबाहेर भिरकावला आणि पायांनी तुडवला.

झालं ते सगळं पाणी उकळायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात. जळालं फार नाही. एक भारा, थोडे केस माझे, आणि हरेशचा उजवा तळहात. माणसांनी भारे गाडीपासून लांब नेले. हरेश विहिरीच्या कठड्यावर बसला होता, हाताला हळद लावलेली. मी जवळ जाऊन बसले. म्हणाला, "तू आत होतीस." एवढंच. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला. त्या संध्याकाळी मी देवाला सांगितलं की हा माणूस आता संपला, तुला हेच हवं होतं तर घे.

किशोर आला, डोक्याला हात लावला, आणि मग आधीच करायला हवं होतं ते त्याने केलं. असल्या गाड्या पाळणाऱ्या परदेशातल्या कोणाकडून तरी तिच्या वायरिंगचा नकाशा मोबाइलवर मागवला. तो मी वाचला, कारण घरात इंग्रजी वाचणारी मीच. जिथे जिथे हिरवी, तिथे तिथे करंट. त्या गाड्यांत चावी फिरली की वीज हिरवीतून धावते. अर्थिंगची काळी. म्हणजे हरेशने सगळा करंट सरळ पत्र्यात सोडला होता, आणि लूमची जाड फ्यूजतार उडाली नव्हती. मी हे हरेशला वाचून दाखवलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं.

"मी नीट जोडली म्हणून जळली," तो म्हणाला.

मला वाटलं आता हे वाक्य त्याला खाणार. पण झालं उलटंच, आणि का झालं ते मला अजूनही पुरतं सांगता येत नाही. बहुतेक असं असावं, रहमतभाईंच्या वेळी चूक कोणाची हे कधी कळलंच नव्हतं. इथे कळलं. चूक झाली, ती कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता आलं, आणि ती उलगडून पुन्हा करता येत होती. दुसऱ्या दिवशी मी गोडाऊनमधून आले तर तो डाव्या हाताने जळक्या वायरी उपसत बसला होता.

या सगळ्याचा विचार मी आता करते तेव्हा मला रंगांची भीती वाटते. वडप्याला आमच्याकडे मालावर हिरवी चिठ्ठी म्हणजे तपासलेला माल, खुशाल पुढे पाठवा. आपण किती गोष्टी अशा नुसत्या रंगावर विश्वास ठेवून पुढे पाठवतो. ज्याने एकदा वाचवायला हवं होतं आणि वाचवलं नाही, त्यालाच आपण जन्मभर घट्ट धरून बसतो. माझी आई टेमघरला दर वर्षी ज्या बाबाकडे जायची, त्याने तिचं एकही काम केलं नाही आणि ती जायची काही थांबली नाही. हरेशला हसणं सोपं आहे. मी हसत नाही.

भात झोडून झालं. खळं झाडून झालं. चाकं आली, गाडी विटांवरून खाली उतरली. सासूबाई कोपऱ्यात सूप घेऊन भात पाखडत होत्या. रविवार होता, मी घरी होते. हरेश शेवटचा नट आवळून उठला, हात पुसले आणि नेहमीसारखा म्हणाला, "बस."

मी बसले नाही. हे मी आदल्या दिवशी ठरवलं होतं असं मला वाटतं, पण ठरवलं नसावं, कारण हात आधी दाराकडेच गेला होता. मी गाडीच्या पुढे गेले आणि बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवले. पत्रा गार होता.

"माझे हात गाडीवर आहेत," मी म्हणाले. "आता तुम्ही चावी फिरवा."

तो म्हणाला, हात काढ. मी नाही म्हटलं. म्हणाला, किशोर येईल, तो फिरवेल. मी म्हटलं, किशोर येईपर्यंत मी अशीच उभी राहीन. सासूबाईंचं सूप थांबलं. बारा व्होल्टला माणूस मरत नाही, हे मला माहीत होतं, त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, पण त्या खळ्यात त्या वेळी ही माहिती कोणाच्याच कामाची नव्हती. त्याने पुन्हा वाकून सगळ्या काळ्या वायरी बघितल्या. एकेकीला हिसडा दिला. हिरव्या बघितल्या. फ्यूज बघितला, किशोरने शोधून आणलेला, काचेचा. मग दार उघडून आत बसला. माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं आणि डोळे मिटले नाहीत, कारण मी डोळे मिटले असते तर त्याने चावी सोडली असती.

त्याने फिरवली. वायपर सूंकन् एका बाजूला गेला. मीटरचा काटा उठला. धूर नव्हता. त्याने बटण दाबलं आणि माझ्या तळहातांखाली सगळा पत्रा थरथरायला लागला. आवाज असा की शेजारची माणसं कुंपणाशी आली. मी हात काढले नाहीत. हरेशने इंजिन बंद केलं, उतरला, सरळ घरामागच्या मोरीवर गेला आणि ओकला. मी तिथेच खाली बसले, शेणाने सारवलेल्या खळ्यात, आणि मला रडू आलं. सासूबाईंना सांगितलं, आनंदाने रडतेय. ते खरंही होतं. पण इतके दिवस ह्याचं कुठलंच काम माझ्या बोटाशिवाय पुरं होत नव्हतं, आता होणार होतं, आणि त्याचंही थोडं वाईट वाटत होतं. माणूस किती क्षुद्र असतो ते असल्या वेळी कळतं.

किशोर गाडी घेऊन गेला. आता आमच्या अंगणात दुसऱ्या गाड्या येतात. एक झाली की दुसरी. कोणाची आजोबांची, कोणी भंगारातून उचललेली. हरेशने एक पत्र्याची शेड घातली आहे, खळ्यापासून चांगली लांब, आणि भिंतीवर त्या नकाशाचा मोठा छाप लावला आहे. गाडी आली की आधी तो नुसता रंग वाचत बसतो. कधी दिवसभर. गिऱ्हाईकं वैतागतात. मी चहा देते आणि सांगते, बसा, त्यांना वाचू दे.

पण त्या हंगामाचं मला आठवतं ते शेवटी असं. भात घरात आल्यावर एका सकाळी हरेशने दाढी केली, खिशात टेस्टर ठेवला आणि भिवंडीला गेला. मुदत संपली होती. मला वाटलं, लागला कामाला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. दुपारी तो परत आला, हातपाय धुतले आणि पाटावर बसला. मी भात वाढला. म्हटलं, कधीपासून जायचंय? तो म्हणाला, न्हाय जायचं. शेठला 'न्हाय' म्हणून सांगून आलो.

मी म्हटलं, मग गेलात कशाला? नकार तर फोनवरही सांगता आला असता.

"भिऊन सोडलं असं व्हायला नको होतं," तो म्हणाला. मग जेवत जेवत सांगत गेला. प्रत्येक लूमपाशी जाऊन हिरवी वायर ओढून बघितली होती. सगळ्या कारीगरांना लूमपासून लांब उभं केलं होतं. मग मेन स्वतः टाकला. सगळे लूम सुरू झाले. तो आवाज ऐकत तो थोडा वेळ उभा राहिला, आणि मग शेठकडे गेला.

मी आणखी थोडा भात वाढला. त्याने तो कालवला आणि तसाच ठेवला.

"रहमतभाईच्या लूमवर आता दुसरा माणूस हाय," तो म्हणाला. "नाव न्हाय विचारलं मी त्याचं."